धुळीचे भाकीत आणि धुळीचे धनी

पुण्याच्या हवेत उद्या किती धूळ असेल हे आज सांगता येते. ही गोष्ट लहान नाही. भूपृष्ठापासून शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह, शहरात ठिकठिकाणी बसविलेली मोजणी यंत्रे आणि आकड्यांच्या प्रचंड राशींतून नियम शोधणारे संगणक यांच्या साहाय्याने हवेचा अंदाज वर्तविणारी व्यवस्था याच शहरातील शास्त्रज्ञांनी उभी केली आहे. तिचे कौतुक करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. परंतु ‘उद्या हवेची प्रत मध्यम राहील’ असे भाकीत प्रसिद्ध झाल्यावर, दुसऱ्या दिवशी येरवड्याच्या वस्तीतून पहाटे डबा घेऊन बांधकामावर निघणाऱ्या बिगारी स्त्रीच्या आयुष्यात त्या भाकिताने कोणता फरक पडतो? ठेकेदार तिला त्या दिवशी कमी घमेली उचलायला सांगत नाही. राडारोड्याचा डंपर त्या दिवशी ताडपत्री घालून धावत नाही. फरशी कापणाऱ्या यंत्रावर त्या दिवशी पाण्याची धार सोडली जात नाही. भाकीत खरे ठरते आणि धूळही ठरल्याप्रमाणे तिच्या छातीत जाते.

मग हे भाकीत कोणासाठी आहे, हा प्रश्न विचारणे भाग आहे. तो विचारायचा तो शास्त्राला विरोध म्हणून नव्हे. शास्त्राचे फळ कोणाच्या पदरात पडते आणि त्याचा भार कोणाच्या माथ्यावर येतो, याचा हिशेब मांडण्यासाठी तो विचारायचा. ज्या भाकितामागून कोणावरही कोणतेही बंधन येत नाही, ते भाकीत धूळ उडविणाऱ्याची जबाबदारी धूळ गिळणाऱ्यावर ढकलण्याचे साधन बनते. आज नेमके हेच घडत आहे.

शास्त्राने काय साधले

हवामानशास्त्राचे आणि पुण्याचे नाते जुने आहे. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. १९६२ साली येथे उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली. पाषाणला असलेल्या या संस्थेने ‘सफर’ नावाची हवेच्या अंदाजाची व्यवस्था विकसित केली. तिचा पहिला प्रयोग २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने झाला. पुण्यात ती २०१३ साली आली, मुंबईत २०१५ साली आणि अहमदाबादेत २०१७ साली. शहराच्या हवेची चिंता करण्याचे पहिले निमित्त पाहुण्या खेळाडूंची फुप्फुसे ठरावीत आणि त्याच स्पर्धांची क्रीडांगणे बांधणाऱ्या मजुरांची फुप्फुसे ठरू नयेत, ही गोष्ट मात्र नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

या व्यवस्थेचे काम कसे चालते? जमिनीवरील केंद्रे हवेतील कणांचे वजन मोजतात. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण वेगळे आणि २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण वेगळे. दुसरीकडे उपग्रह सूर्यप्रकाश हवेतून जाताना कणांमुळे किती अडला याची नोंद करतात. अमेरिकेच्या ‘टेरा’ व ‘ॲक्वा’ या उपग्रहांवरील ‘मोडिस’ उपकरण आणि भारताचे ‘इन्सॅट’ मालिकेतील उपग्रह हे काम करीत आले आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे उत्सर्जनाची यादी. शहराचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात वाहने किती, चुली किती, भट्ट्या किती, कच्चे रस्ते किती याची मोजदाद केली जाते. वारा, तापमान आणि आर्द्रता यांची गणिते या यादीशी जोडून संगणक उद्या-परवाचा अंदाज देतो. आता या गणितात होणाऱ्या चुका जुन्या आकड्यांवरून शिकून दुरुस्त करणारी विदाविज्ञानाची तंत्रेही वापरात आली आहेत.

या शास्त्राचे सामर्थ्य २०२२ च्या जानेवारीत दिसून आले. पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे लोट अरबी समुद्र ओलांडून २३ जानेवारीला मुंबईवर आणि लगतच्या प्रदेशावर उतरले. त्यांचा समुद्रावरचा मार्ग उपग्रहांच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होता. अशी धूळ कोणत्याही महापालिकेला अडविता येत नाही. तिची पूर्वसूचना मिळणे हाच बचाव. किनाऱ्यावरील कोळ्यांना वादळाची सूचना मिळावी तशी दमेकऱ्यांना, बाळंतिणींना आणि म्हाताऱ्यांना तिची सूचना मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत नाही.

दोन प्रकारची धूळ

परंतु येरवड्याच्या हवेतील धूळ वर्षातून किती दिवस वाळवंटातून येते? असे दिवस बोटांवर मोजता येतात. उरलेल्या दिवसांची धूळ नगर रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनांची आहे, वाघोली परिसरातील खाणी आणि क्रशर यांकडून खडी व क्रश सँड घेऊन शहराकडे येणाऱ्या डंपरांची आहे, पाडलेल्या वाड्यांच्या आणि उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांच्या राडारोड्याची आहे, वारंवार उकरल्या जाणाऱ्या रस्त्यांची आहे, आणि वेळेवर न उचललेल्या कचऱ्याला लागणाऱ्या आगीची आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, थंड हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते. मुळा-मुठेच्या खोलगट भागात हे झाकण सकाळी उशिरापर्यंत हलत नाही. दिवसभर उडालेली धूळ आणि धूर त्याखाली कोंडून राहतो. याचे शास्त्र सर्वज्ञात आहे.

म्हणजे धूळ दोन प्रकारची आहे. एक बिनधन्याची, निसर्गाची. दुसरी धनी असलेली. पहिलीचे भाकीत हवे, कारण दुसरा उपाय नाही. दुसरीला भाकिताची गरज दुय्यम आहे. तिच्या धन्याचे नाव, पत्ता आणि बांधकाम परवान्याचा क्रमांक महापालिकेच्या दप्तरात लिहिलेला असतो. उघड्यावर टाकलेल्या मातीच्या ढिगावरून वारा वाहिला की धूळ उडेल, हे सांगण्यासाठी उपग्रहाची आवश्यकता नाही. येरवड्यातील कोणतेही शाळकरी मूल ते सांगू शकेल.

या दोन प्रकारच्या धुळीची सरमिसळ करणे ही आजच्या राज्यकर्त्यांची सोयीची युक्ती आहे. सगळीच धूळ जणू आभाळातून पडते, उद्या किती पडेल ते शास्त्र सांगेल आणि नागरिकांनी आपापली काळजी घ्यावी, असे चित्र उभे केले जाते. पाऊस आणि धूळ एकाच पंक्तीत बसविले की धूळ उडविणारा दिसेनासा होतो. भाकीत हा शब्दच नियतीची आठवण करून देणारा आहे. ज्या गोष्टीला परवाना लागतो आणि जिच्यातून नफा मिळतो, त्या गोष्टीला नियतीचे रूप देणे म्हणजे लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणे होय.

‘मध्यम’ या शब्दाची किंमत

हवेच्या राष्ट्रीय निर्देशांकात सहा पायऱ्या आहेत. चांगली, समाधानकारक, मध्यम, खराब, अतिखराब आणि गंभीर. २०१५ पासून हा निर्देशांक देशभर वापरला जातो. सामान्य वाचकाला ‘मध्यम’ हा शब्द ऐकून हायसे वाटते. वस्तुस्थिती काय आहे? २००९ साली केंद्र सरकारने ठरविलेल्या मानकानुसार २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नयेत आणि १० मायक्रॉनपर्यंतचे कण १०० पेक्षा अधिक असता कामा नयेत. ‘मध्यम’ ही पायरी सुरू होते ती ही मर्यादा ओलांडल्यानंतर. मोठ्या कणांचे प्रमाण २५० पर्यंत चढले तरी हवा ‘मध्यम’च. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली मर्यादा बारीक कणांसाठी १५ आणि मोठ्या कणांसाठी ४५ आहे. म्हणजे सरकारच्या भाषेत जी हवा मध्यम, ती या देशाच्याच मानकाने अपायकारक आणि जागतिक शिफारशीच्या चौपट-पाचपट वाईट असू शकते. मानक मोडल्याची बातमी दिलासा देणाऱ्या शब्दात गुंडाळून देणे हा भाषेचा साधा दोष मानता येणार नाही.

त्यातही निर्देशांक मोजतो ते वजन. धूळ कशाची आहे, हे तो सांगत नाही. फरशी, ग्रॅनाइट किंवा काँक्रीट कोरडे कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत साठली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने हा रोग सरकारला कळविणे बंधनकारक केले होते. परंतु बांधकामावरील फरशीवाला कारखान्यात कधी नव्हताच. त्याचा रोग क्षयरोग म्हणून नोंदला जातो, त्यावरची औषधे त्याला दिली जातात, आणि एक दिवस तो गावी निघून जातो. शहराच्या निर्देशांकात त्याच्या छातीतील कणाची नोंद कोठेही नसते. राजस्थानने २०१९ साली अशा रोग्यांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. दगडावर आणि सिमेंटवर उभ्या असलेल्या महाराष्ट्राने या बाबतीत राजस्थानच्या मागे का असावे, याचे उत्तर सरकारकडे मागितले पाहिजे.

उपग्रहाला काय दिसत नाही

दूरसंवेदनाच्या मर्यादा शास्त्रज्ञ प्रामाणिकपणे सांगतात. त्या लपविण्याचे काम करतात ते शास्त्राचे जाहिरातदार. उपग्रह जमिनीपासून आकाशापर्यंतच्या संपूर्ण हवेच्या स्तंभातील कण एकत्र पाहतो. माणूस श्वास घेतो तो जमिनीपासून चार-पाच फुटांवर. ढग आले की उपग्रहाची दृष्टी अडते, आणि पुण्यात चार महिने ढग असतात. शिवाय उपग्रहाच्या नजरेचा एक चौकोन अनेकदा किलोमीटरभर किंवा त्याहून मोठा असतो. येरवड्यात एका किलोमीटरच्या आत काय काय बसते? दगडी भिंतींचा मध्यवर्ती तुरुंग, मनोरुग्णालय, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, कल्याणीनगरचे वृक्षाच्छादित बंगले आणि त्यांना लागून दहा बाय दहाच्या खोल्यांच्या वस्त्या. चौकोनाची सरासरी काढली की बंगल्याची हवा आणि खोलीची हवा एक होते. सरासरी ही गणितातील निरुपद्रवी क्रिया आहे. समाजकारणात तिचा उपयोग विषमता झाकण्यासाठी होतो, हे दरडोई उत्पन्नाचे आकडे पाहणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

‘सफर’ची पुण्यातील केंद्रे उभारली गेली ती शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, हडपसर, कात्रज, भोसरी, निगडी, आळंदी अशा ठिकाणी. ही निवड शास्त्रीय निकषांवर झाली आणि तिच्यात दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. परंतु आकड्यांवरून शिकणारा संगणक शिकतो तो जेथे मोजणी झाली तेथूनच. जेथे मोजणी नाही तेथील हवा तो शेजारच्या केंद्रावरून ताडतो. ज्या वस्तीचे आकडे नाहीत ती वस्ती त्याच्या लेखी सरासरी असते. यादीत नाव नाही म्हणून रेशन नाही, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे चटकन उमगेल. मोजणीच्या बाहेर राहणे हे गरिबांचे जुने प्राक्तन आहे, आणि नवे यंत्र ते आपोआप बदलीत नाही.

येरवडा हे नाव देशाला ठाऊक आहे ते तुरुंगामुळे. सप्टेंबर १९३२ मध्ये याच तुरुंगात गांधींचे उपोषण झाले आणि डॉ. आंबेडकरांबरोबरचा करार झाला. आणीबाणीत अनेक समाजवादी कार्यकर्ते याच भिंतींआड होते. त्या कराराच्या मुळाशी जो प्रश्न होता तो भिंतींबाहेरच्या वस्त्यांत धुळीच्या रूपाने आजही उभा आहे. दगड कोण फोडतो, रस्ता कोण झाडतो, कचरा कोण वेचतो, राडारोडा कोण उचलतो, याची यादी केली तर ती जातींची यादी होते. धुळीची वाटणी श्रमाच्या वाटणीप्रमाणे झाली आहे आणि श्रमाची वाटणी जातीप्रमाणे.

पैसा कोठे गेला

२०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला. पुण्याचा समावेश मानके न पाळणाऱ्या शहरांत आहे. २०२४ पर्यंत कणांचे प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी घटविण्याचे पहिले उद्दिष्ट होते. पुढे ते २०२६ पर्यंत ४० टक्के असे करण्यात आले. या कार्यक्रमाच्या खर्चाचा आढावा दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०२४ साली घेतला. देशभरात खर्च झालेल्या निधीपैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यांवरील धूळ आवरण्यावर गेली होती: रस्ते पक्के करणे, खड्डे बुजविणे, पाणी मारणे, झाडणारी यंत्रे घेणे. उद्योगांच्या प्रदूषणावर १ टक्काही खर्च झाला नव्हता.

वरवर पाहता यात गैर काय, असे वाटेल. धूळच तर आवरली जात आहे! परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार तपासला पाहिजे. बांधकामवाला रस्त्यावर माती सांडतो. ती झाडण्याचे यंत्र करदात्याच्या पैशाने घेतले जाते. यंत्र पुढे गेले की दुसरा डंपर पुन्हा सांडतो. सांडणाऱ्याचा खर्च शून्य, झाडणाऱ्याचा खर्च कायमचा. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहून हे तत्त्व विशद केले होते. नफ्याचा बराच भाग हा वस्तुतः दुसऱ्यांवर ढकललेला खर्च असतो, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. घरांच्या किमतीत जमीन, सिमेंट, पोलाद, व्याज आणि जाहिरात हे सारे मोजले जाते. बिगाऱ्याच्या छातीचा खर्च मोजला जात नाही. तो त्याच्या कुटुंबाच्या वहीत औषधाच्या उधारीच्या रूपाने लिहिला जातो.

३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्याच्या शास्त्रीनगर भागात एका बांधकामावर लोखंडी सळ्यांचा सांगाडा कोसळला आणि बिहारमधून आलेले पाच मजूर प्राणास मुकले. तेव्हा मंत्री आले, चौकशीचे आदेश निघाले. सळ्या कोसळल्या म्हणून त्या दिसल्या. तशाच बांधकामांवर वर्षानुवर्षे जे छातीत कोसळते ते दिसत नाही आणि त्याची चौकशीही होत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, माहिती हीच शक्ती आहे. लोकांना भाकीत कळले की ते आपली वागणूक बदलतील. कोणते लोक? ‘बाहेर जाणे टाळा, खिडक्या बंद ठेवा, मुखपट्टी वापरा’ हा सल्ला ज्याच्या पगाराला धक्का लागत नाही त्याच्यासाठी आहे. रोजंदारीवरच्या माणसाने घरी बसायचे म्हणजे चूल बंद ठेवायची. शिवाय त्याच्या पत्र्याच्या खोलीत बाहेरची हवा आणि आतली हवा यांत भेद तो कोणता? भाकिताने ज्याच्या हाती काही करण्याचे सामर्थ्य आहे त्यालाच शक्ती मिळते. इतरांना केवळ भीती मिळते. आणि भीतीचा बाजारही लगोलग उभा राहतो. हवा शुद्ध करणारी यंत्रे विकणाऱ्यांना वाईट हवेच्या भाकिताइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही. पाणी बाटलीत गेले, आता हवाही विकत घेण्याची वस्तू होऊ पाहत आहे.

दुसरा आक्षेप: धूळ ही विकासाची किंमत आहे. रामवाडीपर्यंत मेट्रो आली, येरवड्याचे स्थानक ऑगस्ट २०२४ मध्ये उघडले. हे धुळीवाचून झाले असते काय? मेट्रो हवी, घरे हवीत, रस्ते हवेत. त्याबद्दल वाद नाही. परंतु धूळ आवरून काम करता येत नाही, हे धादांत खोटे आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षणाच्या नियमांत दुरुस्ती करून बांधकामांना वाऱ्याचा आडोसा उभारणे, पाणी मारणे, माती व वाळू झाकून ठेवणे, साहित्य झाकून नेणे आणि दगड कापताना पाण्याची फवार वापरणे सक्तीचे केले. उघड्यावर साहित्य कापण्यास मनाई केली. १९८१ चा हवा प्रदूषण नियंत्रण कायदा तर चार दशकांहून जुना आहे. म्हणजे तंत्र आहे, नियमही आहेत. त्यांची किंमत द्यायची कोणी, एवढाच प्रश्न आहे; आणि विकासाची किंमत नेहमी ज्याला विकासाचा वाटा मिळत नाही त्यानेच का द्यायची, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. वाईट हवेच्या दिवशी बांधकाम थांबविले तर मजुराची रोजी बुडेल. मग श्रमिकांचे कैवारी म्हणविणारेच त्यांच्या पोटावर पाय देणार काय? दिल्लीच्या अनुभवावरून याचे उत्तर देता येते. दिल्ली परिसरात २०१७ पासून श्रेणीबद्ध कृती आराखडा आहे. हवा अमुक पायरीवर गेली की अमुक कामे बंद, असा तो नियम आहे. २०२२ पासून हवा बिघडण्याची वाट न पाहता भाकितावरूनच निर्बंध आगाऊ लागू करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. म्हणजे भाकिताला कायद्याचे बळ देता येते, हे तेथे सिद्ध झाले. परंतु काम थांबले तेव्हा मजूर उपाशी राहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम उपकराच्या निधीतून मजुरांना निर्वाहभत्ता देण्यास सांगितले आणि २०२४ साली हा भत्ता वेळेवर न दिल्याबद्दल न्यायालयाला सरकारांना पुन्हा खडसवावे लागले.

यावरून बोध घ्यायचा तो असा. काम थांबविण्याची वेळ येण्यापूर्वी धूळ मुळाशी आवरणे हा पहिला उपाय. तरीही थांबविण्याची वेळ आली, तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी मजुराला मिळणे हा त्याचा हक्क. भत्ता म्हणून भीक नव्हे. १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर बसविलेला उपकर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. तो पैसा मजुरांच्याच नावाचा आहे. अडचण आहे ती नोंदणीची. जो मजूर मंडळाच्या पटावर नाही त्याला त्यातून दमडीही मिळत नाही, आणि अड्ड्यावरून रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या मजुराला काम केल्याचा दाखला मिळविताना किती खेटे घालावे लागतात, हे कार्यकर्त्यांना माहीत आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

आकडे लोकांच्या हाती आले तर ते शस्त्र ठरतात, याची उदाहरणे पुण्यातच आहेत. १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी दारिद्र्याची मोजणी केली ती माणशी २,२५० उष्मांकांच्या निकषावर. परंतु ते मोजून थांबले नाहीत. सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा उपायही त्यांनी त्याच अभ्यासात मांडला. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक स्त्रियांच्या कामामुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो याचा हिशेब मांडला आणि ओळखपत्रेही मिळविली. येरवड्याच्या वस्त्यांत घरांच्या पुनर्बांधणीची योजना आली तेव्हा महिला मिलनच्या बायकांनी घरोघर जाऊन खोल्यांची मोजदाद केली होती. ज्या बायकांना खोल्या मोजता आल्या त्यांना धूळही मोजता येईल.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली, मोजणीची यंत्रे वस्त्यांत, महापालिकेच्या शाळांत आणि मोठ्या बांधकामांच्या कुंपणावर बसवावीत. बांधकामावरील यंत्राचा खर्च बांधकामवाल्याकडून घ्यावा आणि त्याचे आकडे सर्वांना खुले असावेत. दुसरी, वाईट हवेचे भाकीत होताच २०१८ च्या नियमांची तपासणी त्याच दिवशी व्हावी आणि नियम मोडणाऱ्याचा परवाना स्थगित व्हावा. भाकीत हे नागरिकाला सल्ला देण्यापूर्वी परवानाधारकाला दिलेली नोटीस मानले जावे. तिसरी, थांबलेल्या दिवसाची मजुरी उपकराच्या निधीतून आठवड्याच्या आत मिळावी आणि मजुरांची नोंदणी अड्ड्यावर येऊन व्हावी. चौथी, येरवड्यातील महापालिकेच्या राजीव गांधी रुग्णालयात बांधकाम मजूर, सफाई कामगार आणि कचरावेचक यांच्या छातीची मोफत तपासणी ठरावीक दिवशी व्हावी आणि सिलिकोसिसची नोंद सिलिकोसिस म्हणूनच व्हावी. पाचवी, भाकीत मराठीत आणि हिंदीत मजूर अड्ड्यावर, रेशन दुकानावर व शाळेच्या फळ्यावर लिहिले जावे, आणि त्यात ‘मध्यम’ या शब्दाबरोबर मानक ओलांडले की नाही हे स्पष्ट नमूद असावे.

सरकार हे आपणहून करणार नाही. तोवर कार्यकर्त्यांना एक काम आजच करता येण्यासारखे आहे. येत्या दिवाळीपासून होळीपर्यंत प्रत्येक वस्तीत एक वही ठेवावी. तिच्यात रोजचे सरकारी भाकीत लिहावे आणि त्याच्याखाली त्या दिवशी परिसरात कोणत्या बांधकामावर माती उघडी होती, कोणता रस्ता उकरलेला होता, कोठे कचरा जळत होता, किती डंपर ताडपत्रीवाचून गेले, आणि वस्तीत किती मुलांना धाप लागली, हे तारखेसह लिहावे. वरच्या ओळीत शास्त्राचे भाकीत आणि खालच्या ओळीत धुळीच्या धन्यांची नावे, अशी शंभर-सव्वाशे दिवसांची वही महापालिका आयुक्तांच्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मेजावर ठेवली, तर उद्याची हवा कशी असेल एवढेच सांगून त्यांना सुटता येणार नाही. ती कोणी बिघडविली आणि त्याच्यावर काय कारवाई केली, याचेही उत्तर त्यांना द्यावे लागेल.